कॅन्सरच्या गोळ्या मध्येच का सुटतात? मराठवाड्यातल्या घरांचा हिशेब

फेरतपासणीला आलेल्या पेशंटला डॉक्टर विचारतात, "गोळ्या चालू आहेत ना?" उत्तर येतं, "हो, चालू आहेत." पुष्कळदा ते खरं असतं. पण कधी मध्ये पंधरा दिवसांचा खाडा झालेला असतो. कधी दोनाऐवजी एकच गोळी घेऊन पाकीट महिनाभर पुरवलेलं असतं. कधी तिसऱ्या किमोनंतर चौथीची तारीख निघून गेलेली असते, आणि ती का गेली हे सांगायची लाज वाटते. मग फाईलवर इंग्रजीत एक शेरा पडतो. त्याचा मथितार्थ एवढाच, की पेशंट ऐकत नाही.

मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. औषध सुटण्यात निष्काळजीपणाचा वाटा थोडा असतो. घरातला पैसा, दवाखान्याचा रस्ता, बुडणारी मजुरी आणि घरातलं आपलं स्थान यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घ आजारांत लोक औषध नेमाने का घेत नाहीत यावर अहवाल काढला. त्यात कारणांचे पाच गट मांडले आहेत: सामाजिक-आर्थिक परिस्थिती, आरोग्यव्यवस्था, आजाराचं स्वरूप, औषधाचं स्वरूप आणि पेशंट स्वतः. पेशंट हा पाचांतला एक. बोलणी मात्र सगळी त्यालाच बसतात.

खाडा झाला तर नेमकं बिघडतं काय?

किमोचं इंजेक्शन बहुतेक वेळा दर २१ दिवसांनी देतात. मधला काळ रक्तातल्या चांगल्या पेशी भरून याव्यात म्हणून सोडलेला असतो. त्या काळात कॅन्सरच्या उरलेल्या पेशीही डोकं वर काढायला बघतात, आणि पुढचा डोस वेळेवर आला की त्या पुन्हा मार खातात. तारीख महिनाभर पुढे गेली तर ही बढत हातची जाते. कापसावरची फवारणी अर्ध्यावर सोडली की जी अळी औषध पचवून उरते तीच पुढे वाढते, तसंच हे. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी मागे राहतात आणि मग तेच औषध पुन्हा सुरू केलं तरी पहिल्यासारखं लागू पडेलच असं नाही.

गोळ्यांच्या बाबतीत याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये मिळतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हे त्याचं नाव. त्यावर इमॅटिनिब नावाची रोजची गोळी असते आणि ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. लंडनमधल्या डॉक्टरांनी अशा ८७ पेशंटच्या बाटल्यांना चिप असलेली झाकणं लावली आणि बाटली केव्हा उघडते याची नोंद ठेवली. २०१० साली निष्कर्ष छापून आले. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्या रक्तातला आजार सहा वर्षांत अगदी नगण्य पातळीवर येण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या वर होती. ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत ती २८ टक्क्यांच्या आसपास. ९० टक्के म्हणजे महिन्यातल्या ३ गोळ्या चुकणं. औषधाचे पैसे सरकारी सेवा भरते अशा देशातले हे लोक होते, तरी त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याला ९० टक्क्यांच्या वर जाता आलं नाही.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन, किमो, लाईट (म्हणजे रेडिएशन) सगळं आटोपल्यावर अनेक बायकांना टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनची गोळी देतात. रोज एक, किमान ५ वर्षं, काहींना १०. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये ५ वर्षांच्या या गोळीने पुढच्या १५ वर्षांतले मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्येही पहिले कडक महिने संपल्यावर दीड-दोन वर्षं तोंडाने गोळ्या चालतात. पोर हसतं-खेळतं, शाळेत जातं, केस परत आलेले असतात. घरच्यांना वाटतं, आता बरं झालं, कशाला उगाच विष पाजायचं? आजार उलटण्याचा धोका नेमका तिथे वाढतो.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. टॅमॉक्सिफेनची एखाद्या दिवसाची गोळी राहिली म्हणून कुणाचा कॅन्सर परत येत नाही. प्रश्न सवयीने होणाऱ्या खाड्याचा आहे, आणि ती सवय कुठून लागते ते बघायला घरात शिरावं लागतं.

औषध फुकट, तरी परवडत नाही

औषध महाग म्हणून सुटतं, हे सगळ्यात आधी सुचणारं कारण. ते काही प्रमाणात खरंही आहे, विशेषतः नव्या औषधांच्या बाबतीत. पण जुन्या, रोजच्या वापरातल्या औषधांचं चित्र बरंच बदललं आहे. इमॅटिनिबच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला. राज्यात महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे आणि ती आता आयुष्मान भारतशी जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. पिवळं आणि केशरी कार्ड तर त्यात येतंच. शिवाय मराठवाड्यातले आठही जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत धरलेले असल्याने इथल्या पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही त्यात आधीच सामावून घेतलं होतं, आणि आता तर पांढरं कार्ड असलेले इतरही त्यात येतात. हे अनेकांना माहीत नसतं. पांढरं कार्ड आहे म्हणजे आपल्याला काही मिळणार नाही, असं स्वतःच ठरवून लोक सावकाराकडे जातात.

मग अडतं कुठे? धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं एक कोरडवाहू कुटुंब डोळ्यांसमोर आणा. बाईला किमो लागली आहे आणि ती योजनेत बसली आहे, म्हणजे इंजेक्शनचा पैसा लागत नाही. पण प्रत्येक किमोच्या आधी रक्त तपासतात, पेशी पुरेशा असतील तरच दुसऱ्या दिवशी सलाईन लावतात. म्हणजे एका किमोला दोन दिवस. सोबत एक माणूस. दोघांची दोन-दोन दिवसांची मजुरी गेली. एसटी, रिक्षा, बाहेरचं जेवण, रात्रीचा मुक्काम. मागे घरी म्हातारी, लेकरं आणि जनावरं बघायला कुणाला तरी ठेवायचं, त्याचे उपकार वेगळे. अशा सहा किमो म्हणजे चार महिने, अख्खा खरीप. आणि हिमोग्लोबिन कमी निघालं की "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात. ती फेरी फुकट जाते, खर्च मात्र झालेला असतो.

यात उलटीच्या गोळ्या, पेशी वाढवणारी इंजेक्शनं, रक्ताच्या पिशव्या आणि निदान होण्याआधी खिशातून केलेल्या तपासण्या आल्याच. योजना उपचाराला लागू होते, पण गाठ कसली आहे हे कळेपर्यंतच अनेकांची शिल्लक संपलेली असते. उपचार सुरू होतो तेव्हा घर आधीच कर्जात असतं. अशा वेळी पहिल्या तीन किमो झाल्या, गाठ बसली, दुखणं थांबलं, की पुढच्या तीन टाळण्याचा मोह होणारच. त्या माणसाच्या दृष्टीने हा निर्णय पूर्ण विचार करून घेतलेला असतो. त्याला एकच गोष्ट कुणी नीट सांगितलेली नसते: हाताला लागत नाही म्हणजे गाठ संपली असं होत नाही.

लाईट घ्यायची असेल तर आणखी पंचाईत. आठवड्याला पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. ये-जा शक्यच नाही, शहरात राहावंच लागतं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, मराठवाड्याच्या वेशीवरचं बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा, गरिबांची धाव मुख्यतः या तिन्हींकडे असते. किनवटच्या माणसाला संभाजीनगर म्हणजे मराठवाड्याचं दुसरं टोक. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून टाटासाठी मुंबईत परळला जाणारा आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघणारा माणूस तारखा पाळतो, हेच खरं तर नवल आहे.

उचल घेतलेली असते तेव्हा

मराठवाड्याची खास अडचण आपल्या कामाच्या वेळापत्रकात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली आणि पावसाळ्यात खाऊन संपलेली. आता बायकोला दर तीन आठवड्यांनी बीडला यायचं असेल तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, दिवसभर उन्हात वाकायचं, आणि गोळ्यांनी जुलाब लागले तर आडोसाही नाही. फाईल गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत आणि माणूस फडात.

अशा कुटुंबाला "वेळेवर गोळ्या घ्या" हा सल्ला कोरडा वाटतो. त्यांना हवा असतो तीन महिन्यांच्या गोळ्यांचा एकदम साठा आणि फोनवर बोलणारं कुणीतरी. हार्मोनच्या गोळीसारख्या औषधांत पेशंटची प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टर असा साठा लिहून देऊ शकतात. पण त्यासाठी आपण ऊसतोडीला जाणार आहोत, हे त्यांना सांगावं लागतं. पुष्कळ जण सांगत नाहीत. उपचार सोडून कामाला निघालात म्हणून डॉक्टर रागावतील, अशी भीती असते.

बीडच्या ऊसतोड महिलांच्या बाबतीत अविश्वासाचाही एक जुना घाव आहे. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" अशी भीती घातल्याचं तेव्हा अनेकींनी सांगितलं. ज्या गावात कॅन्सरचा धाक दाखवून ऑपरेशनं झाली, तिथे खरोखर कॅन्सर झालेल्या बाईला आणि तिच्या घरच्यांना डॉक्टरच्या शब्दावर लगेच विश्वास बसेल का?

घरात कुणाची गोळी शेवटी येते

घरात पैसा अपुरा असला की औषधांचा क्रम लागतो, आणि घरातल्या बाईचं औषध बहुधा त्या क्रमात तळाशी असतं. हा क्रम कुणी मुद्दाम ठरवत नाही. तीच म्हणते, "माझं राहू द्या, आधी पोराची फी भरा." स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा आजार असेल तर त्यात लाज येते. मुलीचं लग्न जमायचं असेल तर आजार गावापासून लपवतात. पाकिटावरचं नाव कुणी वाचू नये म्हणून गोळ्या काढून दुसऱ्या डबीत भरतात. मग कुठली सकाळची, कुठली जेवणानंतरची, हेच कळेनासं होतं. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची गोळी वेगळ्या रंगाची आली की गोंधळ आणखी वाढतो.

"गोळ्या गरम पडतात," ही तक्रार बायकांकडून हमखास येते. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप लागत नाही. टॅमॉक्सिफेन स्त्री-हार्मोनचं काम अडवतं, त्यामुळे पाळी जाताना होतो तसा त्रास होणं हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. बाई खरं तेच सांगत असते. ऐकणाऱ्याने "तसं काही नसतं" म्हणून तिला उडवून लावलं की ती वाद घालत नाही, घरी जाऊन गोळी बंद करते. त्रास खरा आहे आणि तो कमी करायला औषधं आहेत, एवढं बोललं तरी फरक पडतो.

कॅपेसिटाबिन नावाची किमोची गोळी तर आपल्या राहणीशी तीन ठिकाणी अडते. ती साधारणपणे १४ दिवस सकाळ-संध्याकाळ घ्यायची आणि पुढचे ७ दिवस बंद ठेवायची असते. पाकीट संपेपर्यंत घेत राहायचं, ही आपली सवय तिथे घातक ठरते. दुसरं, ती जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. नवरात्राचे नऊ दिवस, एकादशी, चतुर्थी, रमजानचे रोजे, या दिवसांत उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची म्हणून ती सोडूनच दिली जाते. उपवास करू नका असा हुकूम देण्यापेक्षा कुठले दिवस धराल हे आधी विचारलं तर बरंच साधतं. कधी किमोचे ७ मोकळे दिवस आणि उपवास जुळवता येतात, कधी बाई स्वतःच म्हणते, यंदा देवी माफ करील. तिसरं, या गोळीने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. अशा हातांनी कापूस वेचता येत नाही, खुरपं धरवत नाही. म्हणजे हाताला काम हवं असेल तर गोळी सोडायची, गोळी घ्यायची असेल तर मजुरी सोडायची. या टप्प्यावर डॉक्टर काही दिवस गोळी थांबवून पुढे डोस कमी करू शकतात. डॉक्टरांनी कमी केलेला डोस हा उपचारच असतो. आपल्या मनाने निम्मी केलेली गोळी हा खाडा असतो, आणि डॉक्टरांना तो माहीतच नसतो. स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली की त्यांना वाटतं, औषध निकामी ठरलं. मग त्याहून कडक आणि महाग औषध सुरू होतं.

झाडपाला, काढा, बाबाची पुडी यांबद्दलही तेच. पेशंट ते घेतो आणि सांगत नाही. काही वनस्पती लिव्हरवर ताण आणतात, किमोशी त्यांची टक्कर होते. रागावलं की लपवणं वाढतं. काय घेता ते दाखवा, असं शांतपणे म्हटलं तर लोक पिशवीतून पुडी काढून दाखवतात.

दवाखाना जवळ आला तर

जुन्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात झालेला एक अभ्यास जगभर गाजला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या आणि तपासणी गावांपर्यंत नेलेली होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणी आणि त्यात दोष सापडलेल्यांवर वेळेत उपचार, एवढ्याने या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या बायकांच्या तुलनेत, आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मी त्यातून असा अर्थ घेतो, की भूम-परंड्याची बाई आरोग्याबद्दल बेफिकीर नाही. सोय तिच्या आवाक्यात आली की ती येते.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढण्याची घोषणा झाली. सकाळी किमो घेऊन संध्याकाळी घरी, तेही आपल्याच जिल्ह्यात. हिंगोलीच्या पेशंटला ते मिळालं तर औषधाइतकंच मोलाचं ठरेल. आपल्या जिल्हा रुग्णालयात ही सोय सुरू झाली आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. आजच करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे किमोच्या आदल्या दिवसाचं रक्त तालुक्यातच तपासून रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं. डॉक्टर तयार असतील तर फुकटची फेरी टळते.

खर्चाच्या बाजूने काही हक्क आहेत, ते मागून घ्यावे लागतात. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरमुळे काम न करू शकणारे बसतात, उत्पन्नाची अट आहे, महिना १,५०० रुपये मिळतात. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. फुले योजनेच्या रुग्णालयात कागदपत्रांना मदत करणारा आरोग्यमित्र बसलेला असतो, कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा. जनऔषधी केंद्रात आपली गोळी मिळते का ते डॉक्टरांना विचारून बघा. गावातल्या आशाताईला आजार विश्वासाने सांगितलात तर तारखांची आठवण ठेवायला एक माणूस वाढतो.

आणि गोळी चुकलीच, तर भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका. कॅपेसिटाबिनसारख्या किमोच्या गोळ्यांत तर मुळीच नाही. चुकलेली सोडून द्या, पुढची तिच्या वेळेवर घ्या, आणि सलग दोन-चार दिवस राहिली असेल तर दवाखान्यात फोन करून विचारा. फेरतपासणीला जाताना उरलेली पाकिटं फाईलसोबत पिशवीत टाका. शिल्लक गोळ्या मोजल्या की खाडा किती झाला ते डॉक्टरांना कळतं, आणि कशामुळे झाला ते तुम्ही सांगितलंत तर पुढचा डोस आणि पुढची तारीख त्याप्रमाणे ठरवता येते.